न ओढलेल्या बिडीची बातमी

मी पाटी आहे मित्रांनो, पण शाळेतली नव्हे. माझ्यावर कोणी अ आ इ गिरवलेलं नाही. मी पत्र्याची पाटी. दोन खांबांवर उभी राहून लोकांना 'असं करू नका' म्हणून सांगणं हा माझा धंदा. लोक ते वाचतात आणि तसंच करतात.

बीडच्या मोंढा बाजारातून मला आमच्या गावच्या सेवा सोसायटीने आणलं. गाव लिंबागणेशकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याचं नाव सांगत नाही. ते एकदा पेपरात येऊन गेलं आहे, तेवढं पुरे.

सोसायटीने माझ्यावर पहिल्यांदा लिहिलं, 'युरिया शिल्लक नाही'. ते माझं पहिलं आयुष्य फार मानाचं गेलं. शेतकरी लांबून येत, मला वाचत आणि काही न बोलता परत जात. मला कोणी खोटं म्हटलं नाही, कारण युरिया खरोखरच नसे. चेअरमन अर्जुनरावांच्या वाड्यामागच्या खोलीत असे, पण तो प्रश्न वेगळा. मी फक्त सोसायटीपुरतं बोलत होते.

मग सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. सोसायटीत वरून कागद आला, की गांधीजयंतीपासून दर्शनी भागात पाटी पाहिजे. नवी कशाला घ्यायची म्हणून अर्जुनरावांनी मलाच पेंटरसमोर आडवं घातलं. युरियावर पांढऱ्या रंगाचे दोन हात बसले आणि त्यावर तांबड्या अक्षरांत आलं, 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र'. शेजारी लाल गोल, गोलात सिगारेट आणि तिच्यावर तिरपी रेघ. पेंटरने ती सिगारेट अगदी हुबेहूब काढली. नमुना त्याच्या तोंडातच होता.

माझं अनावरण झालं तेव्हा मी राधाकिशनला पहिल्यांदा पाहिलं. राधाकिशन म्हणजे जिल्ह्याच्या एका पेपरचा आमच्या भागातला वार्ताहर. सकाळी तो तोच पेपर घरोघर टाकायचा, दुपारी स्वतःच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून उद्याच्या पेपरची बातमी लिहायचा आणि दिवाळीला सगळ्या पुढाऱ्यांकडून जाहिराती आणायचा. सिगारेटला त्याने कधी हात लावला नाही. तो गुटखा खायचा. गुटखाबंदीच्या बातम्याही तोच द्यायचा, आणि त्या चांगल्या असायच्या. विषयाची माहिती होती.

त्याची काम करण्याची एक रीत होती. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी तीनला लाईट जायची ती रात्रीच यायची, आणि कार्यक्रम तर ऊन उतरल्यावर पाचला व्हायचे. म्हणून राधाकिशन बातमी आधीच लिहून पाठवायचा. 'मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन झाले. नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते.' मग पाचला जाऊन तो नागरिक आले का ते बघायचा. आले नसले तर वाईट वाटून घ्यायचा, नागरिकांबद्दल. यात लबाडी नव्हती. या भागात कोणता वार्ताहर कसं काम करतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पुढारीही आपण काय बोललो ते दुसऱ्या दिवशी पेपरातच वाचत.

माझ्या अनावरणाची बातमी चार कॉलम आली. त्यानंतर पाच वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. संचालक माझ्याखाली बसून सिगारेटी ओढत ठराव करायचे, शिपाई माझ्या कोपऱ्यावर ओला पंचा वाळत घालायचा. बंदी लागू झाली ही बातमी होती. बंदी पाळली जात नाही ही बातमी नव्हती, ती तर रोजचीच गोष्ट.

मग आला दोन हजार तेराचा दुष्काळ. ओढ्याच्या काठच्या पडीक रानात सोसायटीने चारा छावणी उघडली. हिरव्या जाळीच्या सावल्या, त्यांच्याखाली बांधलेली गुरं आणि गुरांशेजारी मुक्कामाला आलेली माणसं. मधोमध उसाच्या वाढ्यांची आणि कडब्याची ही मोठी गंजी. एक ठिणगी पडली तर सगळी छावणी जायची. म्हणून सोसायटीने ठराव केला, की जो छावणीत बिडी-सिगारेट ओढेल त्याची जनावरं बाहेर काढली जातील. आणि मला सोसायटीतून उचलून गंजीसमोर उभं केलं.

ठराव चांगला होता, माझी जागाही बरोबर होती. अडचण एवढीच झाली, की त्या उघड्या रानात माणसाला बसायला धड सावली माझीच पडायची. जाळीखाली गुरं होती. त्यामुळे सगळे बिडीवाले दुपारी माझ्याच सावलीत टेकायचे.

माझ्या सावलीला न येणारा एक माणूस म्हणजे आश्रुबा. बारीक अंगाचा, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला नारायणगडाला जाणारा. त्याची जागा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तिथे त्याचे दोन बैल होते, कोसा आणि हरण्या, आणि चूल मांडून बसलेली त्याची बायको सत्यभामा. आश्रुबा दिवसभर बैलांना खरारा करायचा. बैल काही काम करत नव्हते, त्यांच्या अंगावर माती नव्हती, तरी करायचा. सत्यभामा म्हणायची, "मलाबी कधी इचारा की, पाठ खाजती का म्हणून."

मे महिन्यात तंबाखूविरोधी पंधरवडा आला. राधाकिशन मोटारसायकलवरून छावणीत उतरला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. अर्जुनराव माझ्या खांबाला टेकून सिगारेट ओढत होते.

"चेअरमन, बातमी लिहून झाली," राधाकिशन म्हणाला. "'छावणीत धूम्रपान करणाऱ्यावर धडक कारवाई'. पहिल्या पानाला घेतो म्हणलेत. फोटो तेवढा पाहिजे, लाईट जायच्या आत."

"कारवाई कुणावर केली मी?"

"ते तुमी सांगा. मी नावाची जागा मोकळी ठेवलीय."

अर्जुनरावांनी माझ्या सावलीकडे पाहिलं. क्षणभरापूर्वी तिथे छावणीतला म्हशीवाला शहादेव आणि आणखी आठ-दहा जण धूर काढत होते. 'फोटो' हा शब्द ऐकल्याबरोबर सगळे उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. टँकर दोन दिवस आलेला नव्हता, तरी गेले. शहादेव तर इतक्या घाईने उठला, की त्याची अर्धी बिडी विझून तिथेच पडली.

पळण्यासारखं काही केलं नव्हतं म्हणून एकटा आश्रुबा जागेवर राहिला.

"आश्रुबा, जरा इकडं या बरं," अर्जुनरावांनी हाक मारली. "ही बिडी धरा हातात."

"मी माळकरी हाय, चेअरमन."

"मग माळ सदऱ्याच्या आत घ्या. ओढायची न्हाई हो, नुसती धरायची. तुमच्यावर कारवाई केली असं दाखवायचंय. दाखवायचंय निस्तं. तुमाला सांगून करतोय म्हणल्यावर कावून घाबरता?"

छावणी चेअरमनची, चारा चेअरमनचा, आणि मागितलंय काय तर एक मिनिट. आश्रुबाने माळ आत सारली आणि दोन बोटांच्या टोकात बिडी उचलली.

"काका, बिडी हाय ती, इंचू न्हाई," राधाकिशन म्हणाला. "जरा सवयीची धरा."

अर्जुनरावांनी डाव्या हाताने आश्रुबाचं मनगट पकडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. उजव्या हातातली स्वतःची सिगारेट त्यांनी पाठीमागे लपवली. मोबाईलचा फोटो निघाला. वाऱ्याने चेअरमनच्या सिगारेटीचा धूर नेमका आश्रुबाच्या तोंडापुढून वर गेला. राधाकिशनने स्क्रीन बघितली आणि खूश होऊन म्हणाला, "लई जिवंत आलाय!"

त्या फोटोत मीही होते, मित्रांनो. दोघांच्या डोक्यांवर, ठळक. माझा फोटो इतका स्वच्छ कधी आला नव्हता. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, 'चारा छावणीत झुरके मारणारा रंगेहाथ पकडला. चेअरमनच्या दणक्याने शौकिनांचे धाबे दणाणले'. खाली आश्रुबाचं नाव आणि अंदाजाने टाकलेलं वय. टँकर न आल्याची बातमी आतल्या पानावर होती, चार ओळी, नाव-फोटो काही नाही.

सत्यभामेला वाचता येत नाही. तिने फोटो लांब धरून बघितला. "मनगट चांगलं आलंय. अन् तोंडापशी काय हो हे?"

"चेअरमनचा धूर हाय."

"चेअरमनचा धूर तुमच्या तोंडात कावून?"

आश्रुबाने पेपर घडी करून चुलीपाशी ठेवला. ज्याची बिडी होती तो शहादेव लांब बसून म्हशीच्या शिंगाला तेल लावत होता.

एवढ्यावर भागलं असतं. गाव चार दिवस हसलं असतं आणि विसरलं असतं. पण तालुक्याहून तपासणीला साहेब आले, आणि त्यांच्या हातात ते कात्रण होतं. साहेबांनी आधी अर्जुनरावांची पाठ थोपटली, मग ठराव मागवून वाचला, आणि विचारलं, "हा इसम पकडलात हे उत्तम. मग याची जनावरं अजून छावणीत कशी?"

अर्जुनरावांचं तोंड मी इतक्या जवळून पाहिलं आहे म्हणून सांगते, त्यांना खरं सांगावंसं क्षणभर वाटलं. पण खरं सांगायचं तर कारवाई झालीच नव्हती असं निघालं असतं, आणि कारवाई झाली म्हणून तर पाठ थोपटली होती.

"काढतो साहेब," ते म्हणाले. "पंधरवडा संपायच्या आत काढतो."

त्या उन्हाळ्यात छावणीबाहेर एक काडी नव्हती. छावणीतून निघालेला बैल सरळ बाजाराच्या रस्त्याला लागायचा, आणि तेव्हा बाजारात बैल कोण घेत होतं आणि कशासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांची जीप गेल्यावर आश्रुबा माझ्यासमोर येऊन अर्जुनरावांपुढे उभा राहिला.

"तुमीच धर म्हणलात."

"म्हणलो. मी कुठं न्हाई म्हणतो? पण आता ते पेपरात आलंय, आश्रुबा. पेपरात आलेलं मी कसं पुसू? राधाकिशनला इचारा."

राधाकिशन संध्याकाळी आला. आश्रुबाने त्याला हात जोडून म्हटलं, की एवढंच छाप, तो माणूस बिडी ओढत नव्हता.

"काका, त्याला खुलासा म्हणत्यात. खुलासा आमदाराचा छापत्यात, फार झालं तर चेअरमनचा. तुमचा कोण छापणार?" तो खरोखर वाईट वाटून बोलत होता. "आन् मी दिला, तर बीडचे संपादकसाहेब म्हणतील, पहिली बातमी खोटी दिली व्हती काय बे? माझंबी जाईल, तुमचं तर गेलंयच."

"मग माझे बैल?"

राधाकिशनने मोटारसायकलच्या आरशात स्वतःकडे बघत विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "काका, बातमी पुसता येत न्हाई. पण तिच्यावर दुसरी बातमी लिहिता येती." आणि त्याने हाताने माझ्याकडे दाखवलं. "हिच्या खाली युरिया हाय. दिसतो का कुणाला?"

माझ्या आयुष्याचा असा कोणी कधी उपयोग करेल असं मला वाटलं नव्हतं.

बेत असा ठरला. तंबाखूविरोधी दिनाला, एकतीस मेला, पंधरवड्याची सांगता. त्यात आश्रुबाचा सत्कार. चेअरमनच्या कारवाईने डोळे उघडले आणि आश्रुबाने कायमची बिडी सोडली. सुधारलेल्या माणसाची जनावरं साहेब कशी काढतील? उलट तेच शाल घालतील. अर्जुनरावांना बेत इतका आवडला, की तो आपणच काढला असं त्यांना संध्याकाळपर्यंत वाटायला लागलं.

आश्रुबा मात्र बैलांच्या मधे जाऊन बसला, पाठमोरा. सत्यभामेने भाकरी थापता थापता त्याची वाट बघितली आणि शेवटी तीच बोलली.

"न धरलेली बिडी सोडायला कितीसा येळ लागतो? सोडा की."

"शाल घेतली म्हंजी धरली व्हती असं व्हतंय."

"गावाला म्हाईत हाय."

"गावाला म्हाईत हाय. पर मी माईकवर म्हणलो, मी बिडी सोडली, तर ते कुणी म्हणलं? मी म्हणलो. फोटोत तर मी काय बोललो न्हवतो." त्याचा हात गळ्याजवळ गेला. माळ अजून सदऱ्याच्या आतच होती. त्या दिवसापासून त्याने ती बाहेर काढली नव्हती.

सत्यभामेच्या तव्यावरची भाकरी करपली, ती तिने कोशाला घातली. "बैलाला माळ न्हाई," ती म्हणाली. "भूक हाय. तुमी बघा मग."

एकतीस मेला माझ्यासमोर दोन बाकडी जोडून व्यासपीठ केलं. राधाकिशनची बातमी दुपारीच बीडला गेली होती. 'व्यसनमुक्त आश्रुबा गहिवरले', असा तिचा मथळा त्याने अर्जुनरावांना मोबाईलवर वाचून दाखवला. साहेब आले. शाल, नारळ झालं. मग आश्रुबाच्या हातात बॅटरीवरचा माईक दिला आणि अर्जुनराव त्याच्या कानात म्हणाले, "चार शब्द. सोडली म्हणा आन् खाली बसा."

आश्रुबाने माईक बिडीसारखाच धरला, दोन बोटांच्या टोकात. आधी त्याने कोशा-हरण्याकडे पाहिलं. मग शालीतून हात काढून माळ सदऱ्याच्या बाहेर घेतली.

"मी बिडी सोडली न्हाई," तो म्हणाला.

एक रेडकू तेवढं ओरडलं.

"सोडायला ती धरावी लागती. मी एकदाच धरली, या चेअरमननी धर म्हणलं म्हणून. ती इझलेली व्हती. पेपरात जो धूर दिसतो तो यांच्या सिगारेटीचा हाय. सिगारेट यांनी पाठीमागं धरली व्हती. मला दुसरं काय सांगायचं न्हाई. माझे बैल भाईर काढले तर उपाशी मरतील, त्यांनीबी कधी बिडी ओढली न्हाई."

मी जर माणूस असते तर त्या क्षणी खाली बघितलं असतं. आता साहेब उठणार, असं मला वाटलं. आणि साहेब हसले. पोट धरून हसले. साहेब हसले म्हणून अर्जुनराव हसले, अर्जुनराव हसले म्हणून संचालक हसले, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब डोळे पुसत म्हणाले, "फार विनोदी माणूस हो! अशा माणसाचे बैल कोण काढतंय? राहू द्या, राहू द्या."

अख्ख्या मोहिमेत माईकवरून एवढं एकच खरं बोललं गेलं, आणि त्याला पंधरवड्यातल्या सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की आश्रुबा यांनी गहिवरलेल्या आवाजात यापुढे बिडीला स्पर्श न करण्याची शपथ घेतली. साहेबांनी तेही कात्रण फाईलला लावलं. स्वतः ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, छापलेलं राहिलं.

बैल मात्र राहिले. सत्यभामेने ती शाल हरण्याच्या पाठीवर टाकली. म्हणाली, "ज्याच्यासाठी घेतली त्यालाच घाला."

संध्याकाळी लोक पांगल्यावर शहादेव आला.

"काका, ती बिडी माझी व्हती."

"म्हाईत हाय."

"मी पळून गेलतो."

"सगळेच गेलते," आश्रुबा म्हणाला आणि खरारा चालू ठेवला.

शहादेवने खिसा चाचपला, बंडल काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगते तुम्हाला, माझ्याकडे असं नीट वाचल्यासारखं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. मग तो चालत फाटकाबाहेर गेला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाभळीखाली बसून त्याने बिडी पेटवली. त्या दिवसापासून छावणी उठेपर्यंत तो तिथेच जाऊन ओढायचा. त्याने बिडी सोडली नाही, शपथ घेतली नाही. फक्त गंजीपासून लांब जायचा. माझ्या अंगावर जे लिहिलं आहे ते एवढंच तर मागतं. सबंध तालुक्यात ती बंदी पाळणारा तो एकटा होता. त्याची बातमी आली नाही. राधाकिशन रोज त्याच बाभळीखाली मोटारसायकल लावायचा, तरी आली नाही.

पाऊस झाल्यावर छावणी उठली. ज्याने त्याने आपापली गुरं नेली, सोसायटीने जाळ्या नेल्या. मला न्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पावसात एक खांब कुजून मी चिखलात पालथी पडले. पोळ्याच्या आधी आश्रुबा बैलांना घेऊन तिकडून चालला होता. त्याने मला उलटं करून पाहिलं, अर्जुनरावांना विचारलं, आणि डोक्यावर घेऊन घरी आला.

तेव्हापासून मी त्याच्या गोठ्याच्या छपरात आहे. लिहिलेली बाजू खाली. पाटीला वाचणारं कोणी तरी पाहिजे, असं तो म्हणाला होता. गावात जिची ज्याला सर्वात कमी गरज, ती वस्तू त्याच्याच घरी आली, याचं मला आता नवल वाटत नाही. उन्हापावसाने पांढरा रंग सुटत चालला आहे आणि कोपऱ्यात युरियाचा 'यु' परत दिसायला लागला आहे.

दर मे महिन्यात राधाकिशन येतो. 'व्यसनमुक्त आश्रुबा आज काय करतात' असा मजकूर त्याने लिहून आणलेला असतो, फोटो तेवढा हवा असतो. आश्रुबा त्याला गूळपाणी देतो आणि म्हणतो, "फोटो काढायचा तर बैलाचा काढ. हातात काय देऊ नको म्हंजी झालं."

तेव्हा मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. माझ्यासारख्या पाट्यांना हार घालू नका, आमचे फोटोही काढू नका. आमच्यावर लिहिलेलं पटलं तर उठून चार पावलं पलीकडे जा, आणि नाही पटलं तर आमच्या सावलीत बसून तरी ते करू नका. आणि कधी कोणी तुम्हाला माझ्यासारखीच्या खाली फोटोसाठी उभं केलं, तर हसण्याआधी आपल्या हातात काय दिलंय ते बघून घ्या.

बाकी माझं बरं चाललं आहे. रात्री कोसा आणि हरण्या रवंथ करत मान वर करतात आणि मला वाचतात. त्यांनी अजून एकदाही नियम मोडलेला नाही.